स्वस्तातला हँडहेल्ड जीपीएस: पैसे नेमके कशाला द्यायचे

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. मोबाईलवर जिओकॅशिंग (कुणीतरी लपवलेला डबा, म्हणजे कॅश, जीपीएसवरून शोधायचा खेळ) करताय पण बॅटरी दुपारीच मान टाकते म्हणून वेगळा हँडहेल्ड हवाय, एक जुना पिवळा ईट्रेक्स (गार्मिन कंपनीचा छोटा हँडहेल्ड) अगदी कमी पैशात मिळतोय तो घ्यावा का, आणि स्वस्त यंत्र घेतलं तर अचूकता कमी पडेल का. तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेक लोक तिथेच नको तेवढे पैसे घालवतात.

अचूकतेसाठी हँडहेल्ड घेऊ नका. हे मी मनापासून सांगतोय. मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाईल साधारण 5 मीटरच्या आत जागा दाखवतो, साधा हँडहेल्डही तेवढीच दाखवतो, आणि महागडा घेतला तरी मोकळ्या माळावर फार फरक जाणवत नाही. आता त्यात हेही धरा की ज्याने कॅश लपवली त्याच्या यंत्रातही तेवढीच चूक होती. त्याची चूक एका बाजूला गेली आणि तुमची दुसऱ्या बाजूला, तर बाण शून्य मीटर दाखवत असताना डबा 8-10 मीटर लांब असू शकतो आणि यात कुणाचंच यंत्र बिघडलेलं नसतं. शिवाय कॅशचे कोऑर्डिनेट्स, म्हणजे अक्षांश-रेखांश, अंश आणि दशांश मिनिटांत, तीन दशांश स्थळांपर्यंत दिलेले असतात. त्यातला शेवटचा आकडा एकाने बदलला की उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे 1.85 मीटर सरकतं. म्हणजे कागदावरचा आकडाच मुळात त्याहून बारीक नाही, मग सेंटीमीटरची स्वप्नं कशाला बघायची.

आणि एक आठवण करून देतो. 2000 सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली, त्याआधी सामान्य माणसाच्या यंत्रात शंभर मीटरपर्यंत फरक यायचा. लगेच 3 मे ला डेव्ह उल्मरने ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला आणि लोकांनी तो त्या काळातल्या काळ्या-पांढऱ्या, नकाशा नसलेल्या यंत्रांनी शोधला. तेव्हापासून या खेळाची मूळ गरज बदललेली नाही: दिशा, अंतर आणि दोन आकडे.

मग हँडहेल्ड घ्यायचाच का? कारण तो दिवसभर चालतो, उन्हात स्क्रीन दिसते, हातातून दगडावर पडला तरी सहसा काही होत नाही, पावसात भिजला तरी चालतं, आणि फोन खिशात शाबूत राहतो जो अडचणीत सापडलात तर कॉल करायला लागणार आहे. माझ्या मते ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी आहे, एकट्याने किंवा मुलांना घेऊन आडवाटेला जाणाऱ्याने तर याच एका कारणासाठी वेगळं यंत्र ठेवावं.

म्हणून पैसे कशाला द्यायचे ते आता सांगतो, माझ्या लेखी जो क्रम आहे त्याच क्रमाने.

पहिलं म्हणजे एए साइझचे साधे पेन्सिल सेल. आत बसवलेली बॅटरी नको, निदान कमी बजेटमध्ये आणि वापरलेला घेताना तर नकोच, कारण जुनी झालेली आतली बॅटरी बदलणं म्हणजे वेगळाच उपद्व्याप. ईट्रेक्स 10, 20, 30 ही मंडळी दोन सेलवर कंपनीच्या आकड्याप्रमाणे 25 तास चालतात, प्रत्यक्षात बॅकलाइट किती लावताय त्यावर कमी-जास्त होतं. 2023 साली आलेला ईट्रेक्स एसई तर नेहमीच्या मोडमध्ये 168 तासांचा दावा करतो. चांगले रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे मिळतात ते, आणि दोन जास्तीचे सॅकमध्ये टाका. मात्र सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार बदलायला विसरू नका, रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे असतात आणि यंत्राला ते अल्कलाइन वाटले तर सेल अर्धे भरलेले असतानाच संपत आल्याचं दाखवत बसतं. कडाक्याच्या थंडीत जाणार असाल तर लिथियमचे सेल न्या, थंडीत अल्कलाइन फार लवकर ढेपाळतात.

दुसरं, कॅशची पूर्ण माहिती आत साठवता आली पाहिजे, ज्याला पेपरलेस जिओकॅशिंग म्हणतात. आणि इथेच तुमच्या त्या जुन्या पिवळ्या ईट्रेक्सचा निकाल लागतो. तो फक्त 500 वेपॉइंट ठेवतो, म्हणजे नाव आणि कोऑर्डिनेट्स, बस. वर्णन नाही, हिंट नाही, आधीच्या लोकांचे लॉग म्हणजे नोंदी नाहीत, डिफिकल्टी (शोधायला किती अवघड) आणि टेरेन (वाट किती अवघड) किती तेही नाही. शिवाय त्याची केबल जुन्या सिरियल पोर्टची असते, ती आजच्या लॅपटॉपला लावायला वेगळा कन्व्हर्टर लागतो, मग ड्रायव्हरची भानगड, मग जीपीएसबेबलसारख्या प्रोग्रॅममधून फाइल त्यात ढकलायची. होतं हे सगळं, पण रविवारी पहाटे निघायच्या आधी हे करायची हौस फार दिवस टिकत नाही आणि मग यंत्र कपाटात जातं. किंवा मग माहिती बघायला फोनच काढावा लागतो, ज्याची बॅटरी वाचवायला आपण हे सगळं करत होतो. म्हणून तो घेऊ नका, कितीही कमी पैशात मिळाला तरी.

एक घोळ मात्र आधी तपासा, कारण ईट्रेक्स 10 पण पिवळाच आहे आणि विकणाऱ्याला बरेचदा मॉडेल माहीतच नसतं. फोटोत स्क्रीनच्या वर पुढच्या बाजूला छोटी जॉयस्टिक दिसत असेल तर तो 2011 नंतरचा 10 नंबरवाला. समोर काहीच नाही आणि सगळी बटणं कडेला असतील तर तो 2000 सालचा जुना. 10 असेल तर गोष्ट वेगळी, तो पेपरलेस आहे, जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास उपग्रहही वापरतो आणि यूएसबीने जोडला की पेनड्राइव्हसारखा उघडतो. गार्मिन फोल्डरमधल्या जीपीएक्स फोल्डरमध्ये कॅशच्या माहितीची जीपीएक्स फाइल टाकली की काम झालं.

ही जीपीएक्स फाइल मिळवायची कशी हाही खर्चाचा भाग आहे, यंत्र घेताना कुणी सांगत नाही म्हणून लिहितोय. जिओकॅशिंग डॉट कॉमवर पॉकेट क्वेरी नावाची सोय आहे, एका क्वेरीत 1000 पर्यंत कॅश एका फाइलमध्ये मिळतात, पण ती प्रीमियम मेंबरना. अँड्रॉइड फोन असेल तर सी-जिओ या फुकट अॅपमध्ये साठवलेल्या कॅश जीपीएक्स म्हणून एक्सपोर्ट करता येतात आणि ओटीजी केबलने फोनमधूनच यंत्रात टाकता येतात, लॅपटॉपही लागत नाही. ओपनकॅशिंग या वेगळ्या जिओकॅशिंग नेटवर्कच्या साइट्सवरही फाइल मिळतात. परत आल्यावर यंत्रात जिओकॅश व्हिजिट्स नावाची टेक्स्ट फाइल तयार झालेली असते, ती साइटवर अपलोड केली की सापडलेल्या सगळ्या कॅशचे ड्राफ्ट लॉग वेळेसकट समोर येतात. ही सोय एकदा वापरली की वहीत नोंदी करायला नको वाटतं.

तिसरं, इलेक्ट्रॉनिक कंपास. याबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत, मी मात्र शक्य असेल तर घ्याच म्हणतो. ज्यात कंपास नाही त्या यंत्राला तुम्ही चालत असाल तेव्हाच दिशा कळते, थांबलात की बाण भरकटतो. शेवटच्या 20 मीटरमध्ये माणूस थांबत थांबत, वळत, वाकत शोधतो आणि नेमका तिथेच बाण निरुपयोगी होतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे 30 आणि 32एक्स मध्ये कंपास आहे, 10, 20 आणि 22एक्स मध्ये नाही, एसई मध्ये आहे. कंपास असला तर सेल बदलल्यावर एकदा कॅलिब्रेट करायचा, तोही गाडीजवळ किंवा लोखंडी फाटकाशी उभं राहून नाही. कंपास नसला तर अडत नाही, साधा उपाय आहे: 30-40 मीटर लांबून सरळ रेषेत चालत या, बाण कुठे बोट दाखवतोय ती रेषा समोरच्या झाडावर-दगडावर मनात धरा, मग काटकोनात दुसऱ्या बाजूने तसंच या. दोन रेषा जिथे छेदतात तिथे यंत्र खिशात टाका आणि डोळे वापरा. कंपास असलेल्यांनीही हेच करावं खरं तर, 10 मीटरच्या आत बाणामागे गोल गोल फिरणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

रंगीत स्क्रीन आणि नकाशा चौथ्या नंबरवर. चांगला आहे, नदी मध्ये आहे का, वाट कुठून वर चढते, हे दिसतं आणि कॅश 200 मीटरवर पण दरीच्या पलीकडे असा प्रकार आधीच कळतो. पण नकाशासाठी वेगळे पैसे देऊ नका. ओपनस्ट्रीटमॅपचे गार्मिनसाठी बनवलेले नकाशे फुकट मिळतात, मेमरी कार्डवर टाकले की झालं, म्हणून फक्त कार्डाची जागा आहे ना एवढं बघा. 20, 30 आणि त्यांच्या एक्सवाल्या भावंडांत मायक्रो एसडी लागतं, 10 मध्ये नाही. 2019 च्या 22एक्स मध्ये 8 जीबी मेमरी आणि नकाशा आधीच भरलेला येतो.

टचस्क्रीन नको. हातमोजे, पाऊस, चिखल, आणि वर किंमत जास्त.

मल्टीबँड म्हणजे उपग्रहांच्या एल1 या नेहमीच्या सिग्नलबरोबर एल5 हा दुसरा सिग्नलही घेणारी यंत्रं, उदाहरणार्थ जीपीएसमॅप 65, घनदाट झाडीत आणि कड्याच्या पायथ्याशी खरंच उपयोगी पडतात, कारण तिथे सिग्नल दगडावर-खोडावर आपटून उशिरा पोचतो आणि जागा हलते. पण बजेट कमी असताना यामागे लागू नका, 2018 पासून बऱ्याच फोनमध्येही एल5 आलंय, अगदीच अडलं तर तो खिशात आहेच. जुना जीपीएसमॅप 60सीएसएक्स कुठे मिळाला तर मोह होईल, त्याचा वर आलेला जाड अँटेना झाडीत सिग्नल छान धरतो, दणकट आहे, नकाशाही घेतो, पण पेपरलेस नाही. कॅशची जागा सांगणारी कोडी घरी सोडवून मोजक्या कॅशला जाणाऱ्याला तो चालेल, तुम्हाला नाही.

तर माझा सल्ला असा. वापरलेला घ्यायची तयारी असेल तर ईट्रेक्स 30 किंवा 30एक्स शोधा, थोडं थांबावं लागलं तरी थांबा. नवाच हवा असेल आणि नकाशाशिवाय चालत असेल तर एसई, त्याला फोनशी ब्लूटूथने जोडून कॅशची माहिती घेता येते. नवा आणि नकाशासकट हवा तर 22एक्स, आणि कंपाससाठी जास्तीचे पैसे जमले तर 32एक्स. वापरलेला 10 हा सगळ्यात तळाचा पर्याय, पण मुलांच्या हातात द्यायला उत्तम, मला त्याच्याबद्दल खरंच आदर आहे.

वापरलेला घेताना हातात घेऊन बघा. सेलच्या कप्प्यात हिरवी-पांढरी बुरशी चढलेली नको, म्हणजे सेल आत फुटलेला असतो. कडेचं रबर सुटायला लागलंय का, मागच्या पोर्टचं झाकण नीट बसतं का हे तपासा, कारण आयपीएक्स7 म्हणजे 1 मीटर पाण्यात अर्धा तास हे रेटिंग सीलवरच अवलंबून असतं, सील गेलं की रेटिंगला अर्थ नाही. जॉयस्टिक चारही बाजूंना आणि मध्ये दाबून बघा, तीच आधी जाते. उघड्यावर नेऊन सुरू करा आणि घाई करू नका, खूप दिवस बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांची पूर्ण यादी उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात, तेवढ्यात सिग्नल पकडत नाही म्हणून परत देऊ नका. तारीख बरोबर दाखवतोय का बघा. 6 एप्रिल 2019 ला जीपीएसचा आठवड्यांचा मोजणी आकडा शून्यावर आला, तेव्हापासून काही जुनी यंत्रं जागा बरोबर पण तारीख वीसेक वर्षं मागची दाखवतात आणि मग ड्राफ्ट लॉगच्या तारखा चुकतात.

घरी आणल्यावर पोझिशन फॉरमॅट अंश आणि दशांश मिनिटं, डेटम डब्ल्यूजीएस 84, रूटिंग सरळ रेषेत, आणि लॉक ऑन रोड बंद. हे शेवटचं चालू राहिलं तर यंत्र तुम्हाला ओढून जवळच्या रस्त्यावर दाखवतं आणि तुम्ही झाडीत उभे राहून गोंधळता. पुढे स्वतःची कॅश लपवायची असेल तर वेपॉइंट अॅव्हरेजिंग (एकाच जागेची अनेक मोजमापं घेऊन सरासरी काढणं) वापरा, एकदा सकाळी आणि एकदा दुसऱ्या दिवशी, आणि आसपासच्या कॅशपासून 161 मीटरचं अंतर ठेवा.

आणि केबल. या जुन्या ईट्रेक्सना मिनी यूएसबी लागते, विकणाऱ्याकडे असेल तर मागूनच घ्या, नाहीतर घेताना डेटावाली घ्या, नुसती चार्जिंगची केबल लावली तर यंत्र लॅपटॉपवर दिसतच नाही.