मुले पाठोपाठ आजारी पडली की घर कसे सांभाळावे आणि मदत करणाऱ्या शेजाऱ्यांचे उपकार कसे फेडावेत?

आपण एकत्र दोन प्रश्न विचारले आहेत. तीन लहान मुलांच्या घरात एक आजारी पडले की पाठोपाठ सगळी पडतात, तेव्हा घर कसे चालवावे, हा पहिला प्रश्न आहे. शेजारच्या काकूंनी आठ दिवस डबा दिला, रात्री मुलांजवळ बसल्या, त्यांचे उपकार कसे फेडले म्हणजे मनावरचे ओझे उतरेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आपल्या मुलांचे डॉक्टर माझ्यापेक्षा चांगले देतील. दुसऱ्या प्रश्नातील ‘फेडणे’ हा शब्द वाचून मात्र मला लिहायला बसावेच लागले, कारण हाच शब्द २०१९ च्या दिवाळीत आमच्या घरात उच्चारला गेला आणि तो मानून मी एका माणसाला दुखावले.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझे यजमान टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतात. त्या वर्षी आमची मोठी मुलगी नऊ वर्षांची होती, जुळे मुलगे पाच वर्षांचे आणि धाकटी चौदा महिन्यांची. भिंतीला भिंत लागून अक्कांचे घर होते. त्या तेलुगूभाषक, पद्मशाली समाजाच्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या. मी त्यांना अक्का म्हणते, मुले अव्वा म्हणतात.

सोलापूरला उजनी धरणाचे पाणी असले तरी त्या वर्षी नळ रोज येत नसे. चार-पाच दिवसांआड पाणी येई, तेव्हा घरातील बॅरल, पिंपे, घागरी, अगदी धुण्याची बादलीसुद्धा भरून ठेवावी लागे. डेंग्यूच्या डासाला असेच साठवलेले स्वच्छ पाणी लागते. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करावीत असे सांगतात. हे मला ठाऊक होते. परंतु पुढचा नळ कधी येईल याची खात्री नसताना अर्धे भरलेले बॅरल ओतून देण्यास हात धजत नाही, आणि माझाही धजला नाही. पुढे तपासणीला आलेल्या आरोग्यसेविकेने विजेरीचा प्रकाश टाकून अळ्या दाखवल्या त्या आमच्याच अंगणातील बॅरलमध्ये.

सप्टेंबरच्या अखेरीस प्रथम मोठीला ताप आला, दोन दिवसांनी जुळ्यांपैकी एकाला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मला. डेंग्यूच्या डासाची मादी दिवसा चावते आणि एकाच माणसावर पोट न भरता अनेकांना चावत जाते. त्यामुळे एका घरात असे ओळीने आजारी पडणे नवलाचे नाही. यजमानांची रात्रपाळी होती. त्यांनी चार दिवस खाडा केला, पण मजुरी कामावर असल्याने पाचव्या रात्री त्यांना जावेच लागले. मी अंगदुखीने उठू शकत नव्हते. अक्का सकाळी आपले विड्या वळण्याचे सूप, कातरलेली पाने आणि तंबाखू घेऊन आमच्या उंबऱ्याशी येऊन बसल्या आणि पुढे आठ दिवस तेथेच बसत राहिल्या. धाकटी त्यांच्या मांडीवर असे, निरोगी जुळा त्यांच्या घरी जेवे, आणि आजारी तिघांना त्या पाळीपाळीने आंबील, पेज, साखरमिठाचे पाणी पाजत.

पाचव्या दिवशी मोठीचा ताप उतरला. मला हायसे वाटले. तिचे अंग गार लागत होते आणि ती शांत पडून होती, म्हणून मला वाटले की आजार गेला. अक्कांना तसे वाटले नाही. त्या म्हणाल्या, “पोरी, ही सकाळपासून एकदासुद्धा लघवीला गेली नाही. पोट दाबलं तर कळवळते. हे बरं होणं नाही.” त्यांनी रिक्षा बोलावली, शेजारच्या सुनेला माझ्याजवळ बसवले आणि मोठीला चादरीत गुंडाळून रुग्णालयात नेले. तेथे पोहोचल्यावर तिला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावले आणि यजमानांना सांगितले की आणखी काही तास घरी गेले असते तर अवघड झाले असते. दोन रात्री अक्का तिच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून होत्या.

हे मी विस्ताराने लिहिते आहे, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग यातच आहे. डेंग्यूत ताप उतरतो तो काळ धोक्याचा असतो. साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप कमी होताना रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो, आणि तेव्हा पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार पडलेले हातपाय, गुंगी, कमी झालेली लघवी यांपैकी एकही लक्षण दिसले तर वाट पाहू नये. लोक केवळ प्लेटलेट पेशींचा आकडा विचारत बसतात. आमच्या मुलीचा आकडा तोपर्यंत फारसा उतरलेला नव्हता. तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन डेंग्यूची शंका असताना देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पपईच्या पानांचा रस पाजण्याचा आग्रह आम्हालाही अनेकांनी केला. उलट्या होत असलेल्या मुलाच्या घशात तो ओतणे हा माझ्या मते छळ आहे.

अनेक मुलांच्या घरात आणखी एक धोका असतो आणि तो एकुलत्या मुलाच्या आईच्या सहसा ध्यानात येत नाही. पॅरासिटामॉलच्या पातळ औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात. एकीत पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असते, दुसरीत २५०. नऊ वर्षांच्या मुलीची बाटली रात्री अर्धवट झोपेत चौदा महिन्यांच्या बाळाला दिली गेली तर मात्रा दुप्पट होते. म्हणून एक वही ठेवावी आणि प्रत्येक मुलाचे नाव, वजन, औषध, मात्रा, वेळ आणि लघवी केव्हा झाली हे तिच्यात लिहावे. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास जावेत आणि मात्रा वजनानुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आमच्याकडे ही वही अक्कांच्या सांगण्यावरून सुरू झाली, जरी त्यांना स्वतःला मराठी लिहिता येत नाही. त्या विड्यांचा हिशेब भिंतीवर रेघा मारून ठेवत, तशाच त्यांनी औषधांच्या रेघा मारल्या होत्या.

आणि मोठ्या मुलीला धाकट्यांची आई करू नये. आजारपणात तिच्या हाती बाळ देऊन ‘किती समजूतदार पोर’ म्हणून कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. तिला त्या वेळी आईची गरज असते, कामाची नव्हे. यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. दिवाळीला पुण्याहून मोठे भाऊजी आले. त्यांनी सगळी हकीकत ऐकली आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की चार मुले होऊ दिली तर ती सांभाळण्याची तयारी हवी, दुसऱ्याच्या जिवावर संसार करता येत नाही. दुसरी अशी की विडी कामगार बाई आठ दिवस तुमच्याकडे बसली, तिची मजुरी बुडाली, तेव्हा तिला पैसे देऊन मोकळे व्हा, उपकार डोक्यावर ठेवू नयेत. पहिल्या वाक्याने मी इतकी दुखावले होते की दुसऱ्याचा विचारच केला नाही. आपण कोणाच्या जिवावर जगत नाही हे सिद्ध करण्याची मला घाई झाली. यजमानांच्या बोनसमधून दोन हजारांच्या दोन नोटा आणि वर एक रुपयाचे नाणे पाकिटात घातले आणि पाडव्याला अक्कांच्या हाती दिले.

मजुरी बुडाली होती हे खरेच होते. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या अक्कांच्या सुपात त्या आठवड्यात निम्म्याही पडत नव्हत्या, आणि विड्यांची मजुरी हजारी मोजतात. ते मला दिसत होते. परंतु पाकीट हातात घेताना त्यांचा चेहरा ज्या रीतीने उतरला, तो मला आजही विसरता येत नाही. त्यांनी ते नाकारले नाही. मार्कंडेय ऋषींच्या तसबिरीमागे ठेवले, मला हळदकुंकू लावले आणि त्यानंतर जवळजवळ दीड महिना आमच्या उंबऱ्यावर आल्या नाहीत. भांडण नव्हते, अबोला नव्हता. भेटलो की त्या मुलांची विचारपूस करत. फक्त हिशेब पुरा झाल्यावर माणसे जशी वागतात तशा त्या वागत होत्या, आणि तो पुरा करणारी मी होते.

डिसेंबरमध्ये एका रात्री धाकटीला जुलाब सुरू झाले. यजमान पाळीवर होते. डॉक्टरांनी पूर्वी सांगितल्याप्रमाणे क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवणे मला येत होते, त्यासाठी कोणाची गरज नव्हती. तरीही मी भिंतीवर थाप मारली आणि म्हणाले, “अक्का, मला एकटीला भीती वाटते.” त्या तत्क्षणी आल्या. पहाटेपर्यंत वाटीचमच्याने घोट घोट पाणी पाजत आम्ही दोघी बसलो होतो. सकाळी त्यांचे सूप पुन्हा आमच्या उंबऱ्यावर आले. जानेवारीत जुळ्यांना सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर पाळण्यात बसवायला त्याच घेऊन गेल्या.

भाऊजींना मी हे अनेकदा सांगितले आहे आणि त्यांना ते पटलेले नाही. त्यांच्या मते मी दुसऱ्यांदा उपकार घेतले. माझ्या मते मी पहिल्यांदा केलेला अपमान दुसऱ्यांदा हात पुढे करून दूर केला. ज्या माणसाकडे आपण पुन्हा काही मागू शकतो, त्याला आपण परके मानलेले नाही, एवढे तरी त्याला कळते. आपल्याकडे घरच्या माणसाला कोणी ‘आभारी आहे’ म्हणत नाही. मग घरच्यासारखे वागलेल्या बाईला पैशाचे पाकीट का द्यावे, याचे उत्तर भाऊजींनी मला अजून दिलेले नाही.

अर्थात परत काहीच करू नये असे मी म्हणत नाही. मार्चमध्ये आमच्या मंगळवेढ्याच्या शेतातून मालदांडी ज्वारी आली तेव्हा एक पोते अक्कांच्या घरी गेले, आणि दरवर्षी जाते. ते त्यांनी कधी तसबिरीमागे ठेवले नाही, कारण तो मोबदला नसून वाटा होता. मोठी मुलगी त्यांचे अर्ज भरून देते, विडी कामगारांच्या कागदपत्रांसाठी त्यांच्यासोबत जाते. तिचे प्राण कोणामुळे वाचले हे तिला मी स्पष्ट शब्दांत सांगितलेले आहे. मुलांपासून अशा गोष्टी लपवणाऱ्या आई-वडिलांचे मला आश्चर्य वाटते.

त्या पाकिटाचे पुढे असे झाले की मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दोन हजारांच्या नोटा चलनातून मागे घेण्याचे जाहीर केले. मला आठवले आणि मी धावत गेले. अक्कांनी तसबिरीमागून पाकीट काढले. ते फोडलेलेही नव्हते. त्या म्हणाल्या, “नोटा तुझ्या आहेत, तूच बदलून घे.” मी आग्रह केला नाही. पाकीट घरी आणले आणि नोटा बँकेत बदलल्या. भाऊजींना हे कळवले तेव्हा ते म्हणाले की म्हातारीने उगाच चार वर्षे पैसे पडून ठेवले.

आता अक्का सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरमध्ये राहतात. असंघटित कामगारांसाठी बांधलेल्या तीस हजार घरांच्या त्या वसाहतीतील पहिल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले, त्यानंतर त्यांनाही तेथे घर मिळाले. आमची भिंत आता दुसऱ्याच कुटुंबाला लागून आहे. रविवारी मुले तिकडे जातात.

दोन गोष्टी शेवटी नमूद करणे आवश्यक आहे. वर लिहिलेले आजाराविषयीचे सर्व आमच्या घरातील अनुभवावर आणि डॉक्टरांनी आम्हाला सांगितलेल्यावर आधारलेले आहे. आपल्या मुलांचे वय, वजन आणि आजार वेगळे असतील, तेव्हा मात्रा आणि तपासण्या आपल्याच डॉक्टरांना विचाराव्यात. दुसरे असे की पगार ठरवून ठेवलेल्या बाईने जादा दिवस काम केले तर तिचे पैसे बुडवण्यासाठी माझ्या या उत्तराचा आधार कोणी घेऊ नये. तेथे पैसे द्यायचेच असतात, आणि त्याच दिवशी द्यायचे असतात.

शेजारच्या काकूंना काय द्यावे हे आपण विचारले आहे. त्यांच्या घरी काय कमी आहे, त्यांना कोणत्या कामासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागते, हे आपल्या प्रश्नात कोठेच नाही. ते आधी पाहावे. आणि धाकट्याला पुन्हा ताप आला तर संकोच न करता त्यांचेच दार वाजवावे.