छत्री गॅलरीत बसवली, पानं फुटली आणि चॅनेल गेले

प्रश्न: मार्चअखेरीस आम्ही डीटीएच कनेक्शन घेतलं. सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवर छत्री लावू देत नाहीत, असं सांगितल्यावर डीलर म्हणाला, ‘गॅलरीतही फुल रेंज येईल.’ त्याच्या माणसाने ग्रिलला छत्री बसवली, चॅनेल लागले, म्हणून वर्षभराचा पॅक भरला. जूनपासून चित्र अडकतं, कधी थेट ‘नो सिग्नल’. समोर शेजारच्या आवारातला गुलमोहर आहे. डीलर पावसाकडे बोट दाखवतो, कंपनी झाडाकडे. पैसे परत मिळतील का? झाड तोडायला लावता येईल का?

उत्तर: तुमची बाजू भक्कम आहे, फक्त ती पावसावर उभी करू नका. डीटीएचचा सिग्नल केयू बँड नावाच्या उच्च वारंवारतेच्या लहरींवरून येतो आणि मुसळधार पावसात तो क्षीण होतोच. धो धो पाऊस पडत असताना थोडा वेळ चित्र गेलं, एवढ्यावरून सेवेतली त्रुटी सिद्ध करणं कठीण आहे. तुमची केस उभी राहते ती महिन्यांवर. मार्चअखेरीस गुलमोहर जवळजवळ निष्पर्ण असतो. पावसाळा सुरू होईपर्यंत तो पानांनी गच्च भरतो. डीलरच्या माणसाने उघड्या फांद्यांमधून सिग्नल पकडून दिला आणि तो निघून गेला.

हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहेत. महाराष्ट्रातून आपल्या डीटीएच छत्र्या साधारण आग्नेयेकडे तोंड करून, बऱ्याच वर रोखलेल्या असतात. त्या रेषेत झाड, भिंत किंवा वरच्या गॅलरीचा स्लॅब आला की सिग्नल गेलाच. रोज छत्र्या बसवणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं, आणि झाड तर मार्चमध्येही तिथेच होतं. आश्वासन देऊन पैसे घेतले आणि जागा चुकीची निवडली, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. ग्राहकाला या दोघांमध्ये चेंडूसारखं टोलवत ठेवणं मला अतिशय संतापजनक वाटतं. ते थांबवायचा उपाय म्हणजे दोघांना एकाच तक्रारीत समोरासमोर उभं करणं.

पुरावा आजपासूनच गोळा करायला लागा. सेट टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान असतं, त्यावर स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात. पाऊस नसलेल्या, स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्या पानाचा व्हिडिओ काढा आणि त्याच व्हिडिओत कॅमेरा फिरवून बाहेरचं आकाश, छत्री आणि झाड दाखवा. कोरड्या हवेतही क्वालिटी पडलेली दिसली की ‘पावसाळा आहे’ हा बचाव तिथेच संपतो. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. बसवतानाचा एखादा फोटो, डीलरचा व्हॉट्सॲप मेसेज, बिल, पॅक भरल्याची पावती, प्रत्येक तक्रारीचा क्रमांक हे सगळं जपा. दुसऱ्या एखाद्या जाणकार तंत्रज्ञाकडून जागेची पाहणी करून दोन ओळींचा सहीचा अहवाल मिळाला, तर फारच उत्तम.

आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात आणि नंतर कंपनीच्याच नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारीच्या वरच्या पायरीवर, लेखी तक्रार द्या. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथेही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ‘अमुक शहरातल्याच कोर्टात’ किंवा ‘लवादाकडेच’ अशी अट फॉर्मवर छापलेली असली तरी घाबरू नका. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि लवादाच्या कलमाने ग्राहकाचा हा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मागणी दोन टप्प्यांत लिहा: योग्य जागी विनामूल्य फेरबसवणी, ती न केल्यास बॉक्स, छत्री आणि न वापरलेल्या पॅकचे पैसे, शिवाय मनस्तापाची भरपाई.

(तुमच्यासारखा पैसे भरलेला पॅक नसून कोणाकडे दूरदर्शनची विनामूल्य डीडी फ्री डिश सेवा असेल, तर चित्र वेगळं. विनामूल्य दिलेली सेवा या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. तिथे दाद मागायची ती छत्री विकणाऱ्या आणि बसवणाऱ्याकडे.)

झाडाचा नाद मात्र सोडा. शहरी भागात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणं १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे. सुविधाधिकार कायदा वीस वर्षांच्या वहिवाटीने उजेड आणि हवेचा हक्क देतो. उपग्रहाच्या सिग्नलचा तसा हक्क त्यात नाही. लंडनमध्ये कॅनरी वार्फच्या टॉवरमुळे टीव्ही नीट दिसेना म्हणून रहिवासी थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९७ मध्ये हरले. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण शेजाऱ्याशी भांडण उकरून काढण्याआधी लक्षात असू द्या.

आता गच्ची. सेक्रेटरींचं तोंडी ‘नाही’ म्हणजे सोसायटीचा निर्णय नव्हे. व्यवस्थापक समितीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि ठरावाची प्रत मागा. गच्ची सामाईक आहे, त्यामुळे परवानगी लागेल. पण काही सभासदांना हो आणि तुम्हाला नाही, असं कारणाशिवाय करता येणार नाही. वॉटरप्रूफिंगची त्यांची काळजी खरी असते. म्हणून अर्जातच लिहा की स्लॅबला भोक न पाडता वजनाच्या स्टँडवर छत्री बसवू आणि वायर डक्टमधून नेऊ. आणखी घरांना कनेक्शन हवं असेल तर एकाच छत्रीवरून मल्टिस्विच लावून सगळ्यांना लाइन देता येते. समितीला हे लवकर पटतं. तरीही अडले, तर सहकार न्यायालयाचा मार्ग आहे.

फेरबसवणीच्या दिवशी तंत्रज्ञ निघण्यापूर्वी जॉब शीटवर छत्रीची जागा, समोर अडथळा नसल्याची नोंद आणि दोन्ही पट्ट्यांचे आकडे लिहून घ्या. त्याची सही घेतल्यावरच तुमची करा.