गेस्ट हाउस घ्याच, पण पहिल्या रात्री नको

तुमचा प्रश्न वाचला आणि माझीच गोष्ट कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं. रात्री साडेदहाला उतरणार, सोबत सासू-सासरे, तुम्हाला ते वेली चढलेलं जुन्या घरातलं गेस्ट हाउस आवडलंय आणि नवरा म्हणतोय की हायवेवरच्या चेनवाल्या मोटेलात जाऊ, निदान काय मिळणार ते तरी माहीत आहे. आमच्याकडे सेम, फक्त गेस्ट हाउसचा हट्ट माझा होता आणि मोटेल म्हणणारी बायको. आधीच सांगून टाकतो, बायको बरोबर होती. पण अर्धीच.

रिव्ह्यू, लोकेशन वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात जात नाही. मला सगळ्यात महाग पडली ती एकच गोष्ट सांगतो. बुकिंगच्या फॉर्ममध्ये शेवटी एक चौकोन असतो, 'अंदाजे किती वाजता पोचणार'. आमच्या वेळी तो कंपल्सरी नव्हता. मी 'माहीत नाही' ठेवून पुढे गेलो, कारण आजवर कुठल्याही हॉटेलात कितीही वाजता गेलं तरी काउंटरवर कुणीतरी पेंगत का होईना बसलेलं असायचंच.

गाडी दोन तास लेट. पोचलो तेव्हा पावणेबारा. दार बंद, वर कंदिलासारखा दिवा, बाजूला कुंड्या, अगदी फोटोतल्यासारखं. बेल दाबली, काही नाही. कन्फर्मेशनवरचा नंबर लावला तर तो फोन आतच वाजत होता, दाराबाहेर आम्हाला स्वच्छ ऐकू येत होता, आणि मी वेड्यासारखा कट करून परत लावतोय, परत आत वाजतोय. आई बॅगेवरच बसली. मग मोबाइलच्या उजेडात दारावरची लॅमिनेट केलेली चिठ्ठी दिसली, रात्री ९ नंतर येणार असाल तर आधी कळवा, किल्ली पेटीत ठेवू. पेटी शेजारीच होती, नंबरच्या कुलुपाची. नंबर कुठे होता आमच्याकडे!

गेलो मुकाट त्याच हायवेवरच्या मोटेलात. काउंटरवरच्या पोराने पाच मिनिटांत किल्ली दिली. बायको एक शब्द बोलली नाही, ते न बोलणंच जास्त लागलं.

एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. सकाळी दहाला परत गेस्ट हाउसवर गेलो तर मालकीणबाई, सत्तरीच्या आजी, त्यांनाच वाईट वाटत होतं, म्हणाल्या सिस्टिममध्ये तुमचं 'नो-शो', म्हणजे बुकिंग करून आलेच नाहीत असं, पडलंय. मला वाटलं एक रात्र गेली. नाही! तिन्ही रात्री कॅन्सल, खोली दुसऱ्यांना गेलेली, आणि पैसे मी आधीच भरलेले, नॉन-रिफंडेबल, कारण तो रेट थोडा स्वस्त दिसला होता. पहिल्या रात्री पोचला नाहीत तर पुढचं सगळं बुकिंग रद्द होऊ शकतं, हे अटींमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते मी दुसऱ्या दिवशी वाचलं.

मग सुरू झालं बुकिंग कंपनीचं कस्टमर केअर (नाव घेत नाही, ते महत्त्वाचं पण नाही). सात फोन, सातही वेळा नवा माणूस, सातही वेळा पहिल्यापासून गोष्ट. गेस्ट हाउस म्हणणार पैसे कंपनीकडे आहेत, कंपनी म्हणणार गेस्ट हाउसने परवानगी दिली पाहिजे, आजींनी फोनवर दिली तर म्हणे लेखी द्या. एकाने विचारलं, तुम्ही दारात पोचला होतात याचा पुरावा काय? बायकोने त्याही अवस्थेत त्या दिव्याचा आणि कुंड्यांचा फोटो काढला होता, त्यावर वेळ होती, तो पाठवला, तर उत्तर आलं की अटॅचमेंट उघडत नाही. परत पाठवला, तर केस क्लोज झालेली. शेवटी एक व्हाउचर टेकवलं, तेही मुदतीचं, त्यांच्याच साइटवर पुढच्या बुकिंगसाठी. असो. बीपी वाढतं.

मोटेलला नाकं मुरडणाऱ्यांत मी पण होतो, पण ती चीज निघालीच अशा रात्रींसाठी. मोटर आणि हॉटेल जोडून मोटेल, हे नाव लागलेलं पहिलं १९२५ साली कॅलिफोर्नियात सान लुईस ओबिस्पोला उघडलं. दमून या, गाडी खोलीजवळ लावा, झोपा. आणि १९५१ मध्ये केमन्स विल्सन नावाचा एक बिल्डर बायको आणि पाच पोरांना घेऊन गाडीने वॉशिंग्टनला गेला, वाटेत कळकट खोल्या आणि वर प्रत्येक पोरामागे जादा पैसे, त्या वैतागातून त्याने १९५२ ला मेम्फिसला हॉलिडे इन या चेनचं पहिलं मोटेल काढलं, मुलं फुकट. सगळीकडे एकसारखी खोली मिळते म्हणून लोक चेनला हसतात, पण अकरा वाजता म्हातारी माणसं सोबत असताना तेच हवं असतं.

म्हणून माझं मत (मत हं, मी काही ट्रॅव्हल एजंट नाही, तुमचं गेस्ट हाउस वेगळं असू शकतं): पहिली रात्र मोटेल, सकाळी आंघोळी उरकून गेस्ट हाउस. हट्टाने पहिल्याच रात्री जायचं असेल तर थेट फोन करा, किती वाजता येणार ते सांगा आणि पेटीचा नंबर कागदावर लिहून घ्या, ॲपमधल्या मेसेजच्या भरवशावर राहू नका, रात्री नेटवर्क नसलं की संपलं. फोनवरच विचारा की थेट बुकिंग केलं तर काय घ्याल. साइट मालकाकडून कमिशन घेते, बरेचदा १५ टक्के किंवा जास्त, त्यामुळे मालक बहुतेक वेळा काहीतरी सोडतो, आणि मुख्य म्हणजे उद्या काही बदललं तर मध्ये कस्टमर केअर नसतं. सासऱ्यांसाठी पायऱ्या किती आणि बाथरूम खोलीतच आहे का, हेही विचारा, फोटोत जिना कधी दाखवत नाहीत.

आम्ही दुसऱ्या वर्षी त्याच आजींकडे राहिलो, थेट फोन करून, पहिली रात्र अर्थातच मोटेल. तीन रात्री. खिडकी उघडली की वेल आत यायची, आईने तर परत निघताना तोंड पाडलं. तो फोन जिन्याखाली आहे. आजी मागच्या खोलीत झोपतात आणि झोपताना कानातलं मशीन काढून ठेवतात.