झोन पिवळा की हिरवा? वाचक विचारतात

प्रश्न : आमची मुळशी तालुक्यात ओढ्याला लागून अडीच एकर बागायत आहे. पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) जुना आराखडा रद्द झाला, आता नवा कधीतरी येणार. भाऊ म्हणतो आत्तापासून ओळख लावून आपला गट यलो झोनमध्ये, म्हणजे शेतीच्या हिरव्यातून राहण्याच्या पिवळ्यात, टाकून घेऊ. मला शेती ठेवायचीय, पण दोन पोरांना उद्या घरं पण लागतील. हरकत घ्यायची तर कशी घ्यायची?

दादा, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण शेती आणि घर दोन्हीचा विचार एकाच वेळी करणारी माणसं कमी झालीत, बहुतेक जण एकच बाजू धरून भांडतात.

आधी मागचं थोडं. पीएमआरडीए 2015 मध्ये झालं, प्रारूप आराखडा 2021 मध्ये आला, त्यावर 67 हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या, सुनावण्या झाल्या आणि 2025 मध्ये तो आराखडाच सरकारने रद्द केला. एवढी वर्षं गेली आणि तेवढ्यात गावोगाव प्लॉटिंग चालूच राहिलं, आराखडा नसतो तेव्हा जमीन थांबत नाही ना. म्हणून नवा नकाशा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका.

नगररचना कायदा 1966 चा आहे, त्याच्या कलम 26 खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि साधारण 30 दिवसांची मुदत मिळते. 30 दिवस म्हणजे काहीच नाही हो, नकाशा बघायला जाईपर्यंतच निम्मे संपतात. कागद आत्ताच गोळा करा: सातबारा, मोजणीचा नकाशा, भूमी अभिलेखमधून जुना गावनकाशा. त्या गावनकाशात ओढा कसा वाहतो ते स्पष्ट असतं. नव्या नकाशात ओढा बारीक झालेला दिसला, वळलेला दिसला किंवा गायबच दिसला तर तीच तुमची सगळ्यात मोठी हरकत. "हे अन्यायकारक आहे" असं लिहून काही होत नाही. गट नंबर लिहा, जुन्या नकाशाची प्रत जोडा, पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत येतं त्याचे फोटो जोडा, तुमची विहीर आणि पाइपलाइन दाखवा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नंतर सुनावणीला बोलावतात तेव्हा एकट्याने जाण्यापेक्षा ओढ्यावरचे सगळे शेतकरी मिळून गेलात तर जास्त ऐकलं जातं.

ओढ्याचं एवढं का लावून धरतोय ते सांगतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, त्या एका रात्रीत वीसच्या वर माणसं गेली. ओढ्याची जागा दाबत दाबत शहर वाढलं आणि पाणी आपल्या जुन्या वाटेने आलं. तुमच्या गावात अजून वेळ गेलेली नाही. नदी असेल तर नकाशावर निळी आणि लाल पूररेषा बघा, निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. तसंच 1:5 पेक्षा जास्त उताराच्या डोंगरावर बांधकाम चालत नाही, तिथे कोणी पिवळा रंग भरला असेल तर त्यावरही लिहा, जमीन तुमची नसली तरी लिहा, सूचना-हरकत कोणीही देऊ शकतं.

आता पोरांचं. महसूल कायद्यात कलम 42 ड आलं, गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन आराखड्यात बांधकामयोग्य झोनमध्ये असेल तर ती राहण्यासाठी एनए (बिगरशेती) धरायची तरतूद त्यात झाली, कर, अधिमूल्य आणि सध्याचा नियम तहसीलमधून विचारून घ्या, बांधकाम परवानगी मात्र वेगळी काढावी लागतेच. गावठाणाजवळ तुमचा किंवा भावकीचा तुकडा असेल तर घरं तिथे काढा आणि ओढ्याकाठचं बागायत मोकळं ठेवा. गाव वाढावं तर असंच गावाला चिकटून वाढावं, रस्ता, शाळा, पाण्याची टाकी सगळं तिथेच असतं.

भावाला वेडा ठरवू नका. शेतीत मिळत काय हा त्याचा प्रश्न खरा आहे. त्याला हडपसरच्या मगरपट्ट्याची माहिती द्या, तिथे सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी काढली आणि मालकी हातातून जाऊ दिली नाही. म्हाळुंगे-माणला टीपी स्कीम (नगररचना योजना) आखली गेली, त्यात रस्ते-बागांसाठी काही जमीन काढून उरलेली सरळ आकाराचा प्लॉट करून मूळ मालकालाच परत देतात. विकायचंच असेल तर एकेकट्याने एजंटला विकण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. पण ओढ्याकाठची काळी जमीन त्यात घालू नका असंच मी म्हणेन.

प्रश्न : हिरवळ वाचवा म्हणणारे सगळे आधीच स्वतःचं घर घेऊन बसलेत. आम्ही दोघं नोकरी करतो, भाड्याने राहतो, शहरात घर परवडत नाही. बाहेर नवी घरं झाली नाहीत तर आम्ही कुठे जायचं?

तुमचा राग बरोबर आहे. नवी घरं नकोतच असं म्हणणाऱ्याच्या बाजूने मी नाही. प्रत्येक बिल्डिंगला विरोध करायचा आणि ती कुठे व्हावी हे सांगायचं नाही याने शेतं वाचत नाहीत, उलट लोक अजून लांब जाऊन बेकायदा गुंठ्यात अडकतात.

पण "बाहेर" म्हणजे कुठे हे विचारा ना. पुणे मनपात 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं घेतली, त्यातल्या कितीतरी भागात मोठ्या सोसायट्या आजही टँकरवर चालतात. तिथलं पाणी आणि ड्रेनेज पूर्ण न करता पुढच्या गावातली भातखाचरं पिवळी करायची, याने तुम्हाला फ्लॅट मिळेल पण पाणी मिळणार नाही आणि रोजचे दोन-तीन तास ट्रॅफिकमध्ये जातील. मेट्रो स्टेशनच्या आसपास, जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासात, बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागेवर आधी घरं व्हायला पाहिजेत. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांत 1 कोटी 10 लाखांच्या वर घरं रिकामी होती, म्हणजे नुसती घरं वाढवून परवडणारी घरं होत नाहीत. मोठ्या शहरांत 4000 चौरस मीटर आणि त्यावरच्या लेआउटमध्ये 20 टक्के लहान घरांसाठी ठेवायचा नियम आहे, तुमच्यासारख्यांनी एकत्र येऊन त्याचा हिशोब मागा, हरकतीच्या मुदतीत तुम्हीही लिहा. भाडेकरूंची पत्रं येतच नाहीत, नकाशावर फक्त जमीनवाले आणि बिल्डर बोलतात.

प्रश्न : एजंट म्हणतो "एनए होणारच आहे, आत्ता गुंठा घ्या." घेऊ का?

होणार आहे म्हणजे झालेलं नाही. झोन दाखला आणि मंजूर लेआउट बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्रावर घेतलेला गुंठा तुमच्या नावावर सातबाऱ्याला चढेलच असं नाही, तुकडेबंदी कायदा 1947 पासून आहे. 500 चौरस मीटरच्या वरची किंवा आठपेक्षा जास्त प्लॉटची स्कीम असेल तर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर मागा.

प्रश्न : आम्ही गोव्याचे, बार्देशातले. गावातली फळबागेची जमीन अचानक वस्तीची होते असं ऐकतो. इथे हरकतीला काही अर्थ आहे का?

आहे, आणि गोव्याने तो दाखवलाय. प्रादेशिक आराखडा 2011 लोकांच्या रेट्यामुळे 2007 मध्ये मागे घ्यावा लागला. नंतर 2023 मध्ये नगरनियोजन कायद्यात 17(2) कलम आलं, चूक दुरुस्तीच्या नावाने एकेक सर्व्हे नंबरचा झोन बदलत गेला, आणि मार्च 2025 मध्ये हायकोर्टाने त्या कलमाचे नियम रद्द केले. पण 2024 मध्ये कलम 39अ आलं. त्यात झोन बदलाची सूचना निघते आणि 30 दिवस हरकतीला मिळतात. तुमच्या पंचायतीतल्या दोघा-तिघांनी राजपत्र बघायची पाळी लावून घ्या, आपल्या गावाचा सर्व्हे नंबर दिसला की त्याच आठवड्यात ग्रामसभेत विषय घ्या, ठराव करा आणि मुदत संपायच्या आत ठरावाची प्रत हरकतीला जोडून द्या.