१५० वरून १२० वर यावं का? स्वूपिंग शिकू पाहणाऱ्याला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्कायडायव्हिंगच्या १८० उड्या झाल्यात, गियरसकट वजन ८७ किलो, सध्या १५० चौरस फुटांची कॅनोपी (पॅराशूटचं कापड) आहे. ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्या मारण्याच्या मैदानावर, एक जण त्याची जुनी १२० स्वस्तात देतोय. ती घेऊन स्वूपिंग (जमिनीजवळ वळणातून वेग घेऊन तरंगत उतरणं) सुरू करावं का, २७० अंशांचं वळण किती उड्यांनंतर आणि किती उंचीवर घ्यावं, आणि ही स्वूपर मंडळी खरंच इतकी बेफिकीर असतात का?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. ती १२० घेऊ नका. बाकीच्यासाठी जरा सविस्तर लिहितो, कारण यातलं बरंच मी टाचेचं हाड मोडून शिकलोय.

८७ किलो म्हणजे साधारण १९२ पाउंड. १५० वर तुमचं विंग लोडिंग, म्हणजे कॅनोपीच्या दर चौरस फुटावर येणारे पाउंड, १.२८ येतं, १२० वर १.६. कागदावर फरक किरकोळ वाटतो. हवेत तो तसा राहत नाही. लोडिंग वाढलं की पुढचा वेग वाढतो, खाली येण्याचा वेग वाढतो, आणि लहान कॅनोपीच्या दोऱ्याही आखूड असल्यामुळे ती हाताला लगेच वळते. सर्वात महत्त्वाचं म्हणजे एकाच वळणात ती तुमची जास्त उंची खाते. १५० वर जी चूक धडपडण्यावर निभावते, तीच १२० वर पाय मोडते.

आता एक साधा हिशोब करून बघा. प्रत्येक उडीत जमिनीजवळचा खरा कस लागणारा भाग शेवटचे वीसेक सेकंद. १८० गुणिले २० म्हणजे ३६०० सेकंद. आजवरच्या सगळ्या उड्या मिळून तुम्ही फक्त एक तास लँडिंग केलंय! गाडी एक तास चालवलेल्या माणसाला आपण घाटात पाठवत नाही. अमेरिकेत स्कायडायव्हरच्या सी लायसन्सला २०० आणि सर्वात वरच्या डी लायसन्सला ५०० उड्या लागतात, त्यामागे काही विचार आहे. आणि ५०० झाल्या म्हणजे २७० अंश घ्यायला मोकळीक मिळाली, असंही त्यातून निघत नाही.

स्वूपला मराठीत शब्द शोधला तर मला घारीची झडप आठवते. घार वरून पंख आवळून सूर मारते आणि पाण्याला चाटून पुढे निघून जाते. कॅनोपी पायलट, म्हणजे स्वूप करणारा, तेच करतो. पाच हजार फुटांवर विमानातून बाहेर, लगेच कॅनोपी उघडायची, मग वाऱ्याचा अंदाज घेत तळ्याच्या बाजूला ठरलेल्या जागी ठरलेल्या उंचीवर पोचायचं. तिथे दोन्ही फ्रंट रायझर (खांद्यांपासून दोऱ्यांकडे जाणारे पुढचे पट्टे) ओढून सूर धरायचा आणि मग एका बाजूला अंग झुकवून वळण सुरू करायचं. रायझर हातात जड होत जातात, दोऱ्यांची शीळ वाढत जाते, जमीन फिरत वर येते. वळणातून बाहेर पडताना वेग ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या घरात असतो. मग रिअर रायझर (मागचे पट्टे) बोटभर ओढून सूर आडवा करायचा, पावलं पाण्याला टेकवायची आणि गेटमधून, म्हणजे दोन खुणांच्या मधून, जायचं. वेग ओसरला की टॉगल, म्हणजे वळवण्या-थांबवण्याच्या हातातल्या मुठी, ओढायच्या.

स्पर्धेतलं हे कापड म्हणाल तर सत्तर-पंचाहत्तर चौरस फुटांचं, डबलबेडच्या चादरीपेक्षा जरासंच मोठं. अंगात शिशाच्या वजनांचं जाकीट, लोडिंग अडीचच्या वर. कॅनोपी उघडल्यावर स्लायडरसुद्धा (उघडण्याचा झटका कमी करणारं छोटं कापड) काढून टाकतात, तेवढाच हवेचा विरोध कमी. खाली येण्याचा वेगही इतका असतो की आपोआप रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) उघडणाऱ्या नेहमीच्या यंत्राला माणूस अजून फ्रीफॉलमध्येच, म्हणजे पॅराशूट न उघडता पडतोय, असं वाटू शकतं. ते यंत्र साधारण ७५० फुटांखाली सेकंदाला ३५ मीटर वेग दिसला की सुटतं. म्हणून स्वूपर लोकांसाठी वेगाची मर्यादा वाढवलेलं वेगळं यंत्र मिळतं. त्या १२० सोबत कोणतं यंत्र आहे हे तुम्ही विचारलंत का? प्रश्नात त्याचा उल्लेख नव्हता.

स्पर्धा मुख्यतः तीन प्रकारांत होते. स्पीडमध्ये ७० मीटरचा वाकडा मार्ग कमीत कमी वेळात कापायचा. चांगले पायलट तो अडीच सेकंदांच्या आत कापतात. डिस्टन्समध्ये गेटपासून जास्तीत जास्त लांब तरंगत जायचं. झोन अॅक्युरसीमध्ये पाण्यातल्या गेटांमधून पाण्याला स्पर्श करत जायचं आणि पलीकडे जमिनीवर आखलेल्या चौकोनात उभं राहायचं. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००६ मध्ये व्हिएन्नात झाली, वर्ल्ड गेम्समध्येही हा खेळ झालाय. गेट दहा मीटर रुंद आणि फक्त दीड मीटर उंच. तुमच्या छातीएवढ्या उंचीच्या फटीतून दीडशेच्या वेगाने जायचं.

आणि इथेच कौशल्य म्हणजे काय ते कळतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, जो जास्त खालून वळण पूर्ण करतो तो पट्टीचा. आमच्यात उलट हिशोब आहे. वळण वर संपलं तर वेग वाया जातो, गेट चुकतं, त्या फेरीचा शून्य मिळतो. वळण खाली संपलं तर रुग्णवाहिका. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, त्यामुळे चांगला पायलट नेहमी वरच्या बाजूला चुकतो. नुसत्या डोळ्यांनी तो वळणाच्या प्रत्येक टप्प्यावर विचारत असतो, अजून पुरेशी उंची आहे ना? उत्तरात जरा शंका आली की वळण थांबवायचं, कॅनोपी डोक्यावर आणायची, सरळ उतरायचं. ही सोडून देण्याची सवय हाताला लावायला मला वळण शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

माझी गोष्ट सांगतो. साडेचारशेच्या आसपास उड्या झाल्या होत्या, जुलैची दुपार, फ्लोरिडाचं ऊन. सकाळी त्याच उंचीवरून दोन स्वूप झकास झाले होते. दुपारी हवा तापून विरळ झाली होती आणि विरळ हवेत कॅनोपी त्याच वळणात जास्त खाली येते, हे मला पुस्तकात माहीत होतं. मी सकाळचाच आकडा धरला. वळणाच्या मध्यावर जमीन फार मोठी दिसायला लागली, पण नजर गेटवर खिळली होती. शेवटी दोन्ही टॉगल कमरेपर्यंत हाणले. तळ्याच्या काठावर उजव्या टाचेवर आदळलो.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी आमच्यातला एक जुना पायलट आला. सोबत लॅपटॉप. काठावरच्या कॅमेऱ्यात माझं वळण आलं होतं. त्याने ते एकेक चौकट पुढे सरकवत दाखवलं आणि तीन ठिकाणी थांबवलं. इथे सोडता आलं असतं, इथेही, इथे शेवटचं. आवाज चढवला नाही, शाबासकी दिली नाही, नशिबाच्या गोष्टी केल्या नाहीत. तिसऱ्या चौकटीत मी जमिनीपासून किती वर होतो ते त्याने बोटाने स्क्रीनवर मोजून दाखवलं. जाताना म्हणाला, प्लास्टर निघालं की माझ्याकडे ये, आपण सरळ उतरण्यापासून सुरू करू. आठ महिन्यांनी त्याने मला खरंच तिथून सुरू करायला लावलं. मोठी कॅनोपी, वळण नाही, फक्त दोन्ही फ्रंट रायझर ओढून सरळ लँडिंग. साठ-सत्तर उड्या. मग ९० अंश.

म्हणून बेफिकीर वगैरे शब्द ऐकले की मला वाईट वाटतं. बेफिकीर स्वूपर असतात, पण ते स्पर्धेच्या तळ्यापाशी फार काळ टिकत नाहीत, त्यांना दुसरेच लोक अडवतात. तळ्यावरचं वातावरण एकदा येऊन बघा. एकाची फेरी चालू असताना बाकीचे काठावर उभे, कुणी कॅमेरा धरलेला, कुणी गुडघाभर पाण्यात. कुणी पाण्यात आपटला की पहिला हात प्रतिस्पर्ध्याचाच असतो, कारण ओली कॅनोपी आणि दोऱ्या अंगाभोवती गुंडाळल्या तर उथळ पाण्यातही माणूस अडकतो. मग तीच कॅनोपी दोघे मिळून पिळून वाळत घालतात.

एका छोट्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीआधी वारा पडला होता. माझ्या एक क्रमांक वर असलेला पायलट नुकताच उतरला होता, अंगातून पाणी गळत होतं. तो तसाच चालत विमानाच्या रांगेपर्यंत आला आणि म्हणाला, झाडांच्या वर वारा अजिबात नाही, तुझी सुरुवातीची जागा गेटच्या दिशेने धरू नकोस, मागे घे, नाहीतर गेटवर फार लवकर पोचशील आणि वळण घाईत आवरावं लागेल. मी मागे घेतली. त्या फेरीत मी त्याच्या पुढे गेलो. संध्याकाळी माझ्या दोऱ्यांमधला गुंता सोडवत तोच बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, तू घाईत वळण आवरताना मला बघायचं नव्हतं.

तुमच्या ड्रॉपझोनवर असा कुणी आहे का, हे मला १२० च्या किमतीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. जो तुमचं लँडिंग रोज बघतो आणि तोंडावर सांगतो. पाठ थोपटणारे भरपूर भेटतील. १८० उड्यांना १२० विकणारा तर नक्कीच थोपटेल.

आकडेवारी सांगतो, ती घाबरवण्यासाठी नाही. अमेरिकेत २०२३ साली ३६ लाखांवर उड्या झाल्या आणि १० जण गेले. खेळ म्हणून हे प्रमाण पूर्वीपेक्षा खूप कमी आहे. पण वर्षानुवर्षं या अपघातांत एक गट असा असतो की ज्यांची कॅनोपी नीट उघडलेली होती, काहीही बिघाड नव्हता, आणि ते खालच्या उंचीवर वळण घेताना आदळले. त्यातले सगळे स्वूप करत नव्हते. कुणी अचानक समोर आलेली दुसरी कॅनोपी टाळायला टॉगल खेचला, कुणी शेवटच्या क्षणी वाऱ्यासमोर तोंड करायला वळला. म्हणून तुम्ही सर्वात आधी शिकायचं ते सपाट वळण. दोन्ही टॉगल थोडे ओढून धरायचे आणि एक बाजू सैल सोडून वळायचं, म्हणजे कॅनोपी न झुकता, कमी उंची गमावत फिरते. दोन हजार फुटांच्या वर शंभर वेळा करा. मग घाबरल्यावर हात आपोआप तेच करतील.

आणि हे १५० वरच करा. बी लायसन्ससाठी कॅनोपीचा कोर्स झालाच असेल, तो परत करा, या वेळी स्वूप शिकवणाऱ्या शाळेत. १२० साठी बाजूला ठेवलेले पैसे तिथे घाला, आणि उरले तर पाच हजार फुटांच्या उड्यांची तिकिटं घ्या. १५० वर फ्रंट रायझर ओढून सरळ, कुठल्याही वाऱ्यात, ठरलेल्या जागी, सलग वीस वेळा उभ्याने उतरता आलं की पुढचं बोलू. २७० साठी उंचीचा आकडा तुम्ही मागितलाय, तो मी लिहिणार नाही. माझा आकडा माझ्या कॅनोपीचा, माझ्या वजनाचा आणि त्या दिवशीच्या हवेचा असतो. कोलोरॅडोत पाच हजार फुटांवरच्या तळ्यावर गेलो तर माझाच आकडा मला चालत नाही. शिवाय स्वूप करणाऱ्यांनी नेहमीच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे बाकीच्यांच्या उतरण्याच्या ठरलेल्या मार्गात, घुसायचं नाही. वेगळी जागा किंवा विमानाची वेगळी फेरी, एवढं ड्रॉपझोनवर आधी ठरवून घ्या.

तुम्ही पुण्याचे आहात असं लिहिलंय. घरच्यांना स्कायडायव्हिंग म्हटलं की शीतल महाजनांची २०१८ ची नऊवारीतली उडी आठवत असेल, माझ्या आईलाही तीच आठवते. तिला मी हे सांगितलंय की आकाशातून पडण्याची भीती बाळगू नकोस, मी शेवटची तीनशे फूट कसा येतो ते विचारत जा. ती आता दर रविवारी फोनवर तेच विचारते.

पुढच्या वीस लँडिंगचे व्हिडिओ बाजूने काढा. पाठीमागून नकोत, त्यात उंची कळत नाही. मला पाठवा, एकेक चौकट बघू. आणि त्या १२० वाल्याला आजच नाही म्हणून कळवून टाका, नाहीतर शनिवारी ड्रॉपझोनवर तो ती तुमच्या हातात ठेवेल.