इच्छामरण, दयामरण आणि 'निष्क्रिय' या शब्दाची अडचण

प्रश्न असा: बातम्यांत 'इच्छामरण' आणि 'दयामरण' एकमेकांच्या जागी येतात. दोन्ही युथनेशियाचेच (असह्य यातनांतून सुटकेसाठी मरण आणण्याचे) प्रतिशब्द आहेत का? आणि 'निष्क्रिय' कशाला म्हणायचे?

समास सोडवून पाहा. इच्छेने येते ते इच्छामरण, आणि ही इच्छा मरणाऱ्याचीच. दयेपोटी दिले जाते ते दयामरण. इथे दया दुसऱ्याची. रुग्णाने काही मागितले होते की नाही, हे शब्द सांगतच नाही. त्यामुळे शुद्ध हरपलेल्या रुग्णासाठी कोणी तिसऱ्यानेच अर्ज केला, तर त्या बातमीला 'इच्छामरण' हे शीर्षक चूक ठरते. नेदरलँड्सच्या २००२च्या कायद्यात रुग्णाची स्वतःची मागणी असावीच लागते, तिथे हा शब्द चपखल बसतो. स्वित्झर्लंडमध्ये मात्र औषध रुग्णाने स्वतःच्या हाताने घ्यायचे असते. ती सहाय्यित आत्महत्या. (भीष्मांचे इच्छामरण आणखी निराळे: त्यात उत्तरायणापर्यंत मरण थोपवून धरण्याचीही सत्ता होती.) 'युथनेशिया'च्या मूळ ग्रीक शब्दात ना इच्छा आहे ना दया, नुसते 'चांगले मरण' आहे.

आणखी एक बारकावा. 'मरण' आपले आपण येते. कोणी आणले की ते 'मारण'. 'मर्सी किलिंग'साठी 'दयामरण' रूढ झाला आणि मारणारा हात शब्दातून गायब झाला.

'निष्क्रिय दयामरण' (जगवणारे उपचार थांबवून येऊ दिलेले मरण) ही जोडी मराठी बातम्यांत रुळली ती वर्षानुवर्षे शुद्ध हरपून पडलेल्या मुंबईच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यातल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११च्या निकालानंतर. मला ती घातक वाटते. व्हेंटिलेटर काढताना कोणी हातावर हात ठेवून बसलेले नसते. आधी धाप आणि वेदना कमी करण्यासाठी मॉर्फिन, गुंगीसाठी औषध, मग यंत्राचा आधार उतरवणे, घशातला स्राव साफ करणे, ओठ ओले ठेवणे; यातले काहीच निष्क्रिय नाही. उलट 'दयामरण' ऐकले की नातेवाइकांना वाटते, आपण जीव घेतोय. वास्तविक जीव आजार घेतो, थांबतात ते निरुपयोगी ठरलेले उपचार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०१८च्या परिभाषेत ही संज्ञा टाळायला सांगितले आहे. सरळ 'उपचार थांबवणे' किंवा 'उपचार सुरू न करणे' लिहावे.

पुढे बोलता आले नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचे ते 'लिव्हिंग विल'. त्याला 'जिवंत इच्छापत्र' म्हटले की कागदच जिवंत होतो. 'वैद्यकीय इच्छापत्र' बरे. त्यात 'मला इच्छामरण हवे' असे लिहू नका. भारतात डॉक्टरांना ते देता येत नाही, आणि नेमके काय नको तेही त्यातून कळत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न, हृदय थांबल्यावर छाती दाबणे, असे एकेक नाव घेऊन, कोणत्या अवस्थेत नको तेही लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये केलेल्या सुधारणेनुसार त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

आणि 'सन्माननीय मृत्यू' नको. सन्मान माणसाचा असतो, म्हणून 'सन्मानाने मरण'.