वरच्या मजल्यावरचा आवाज आणि कलम ४

ताई, तुमचं पत्र थोडक्यात असं: वरच्या मजल्यावरची सून रात्री-अपरात्री मार खाते आणि ते तुम्हाला खाली ऐकू येतं. एकदा न राहवून तुम्ही वर जाऊन बेल वाजवलीत, तर दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं जिन्यात अडवून सुनावलं, "पुन्हा मध्ये पडलात तर अब्रुनुकसानीची केस टाकीन." ती स्वतः एवढंच म्हणाली, "घर सासऱ्यांच्या नावावर आहे, काकू. मी जाऊ कुठे?" आता सोसायटीची कमिटी दोघांना समोरासमोर बसवून प्रकरण मिटवायचं म्हणतेय. तुम्ही विचारता, मला तक्रार करता येईल का, आणि केली तर मीच अडकेन का?

करता येईल. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे, त्याचं कलम ४ शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठीच आहे असं म्हटलं तरी चालेल. हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होईल असं मानायला कारण असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकते. नातं लागत नाही, पुरावा हातात असावा लागत नाही. आणि सद्भावनेनं दिलेल्या माहितीबद्दल कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्या धमकीला घाबरू नका. मात्र तुमचं नाव कुणालाच कळणार नाही, असं मी सांगणार नाही. माहिती लिहून घेतली जाते, खाली सही लागते, पुढे साक्षीला बोलावणंही येऊ शकतं. म्हणून आजपासूनच एका वहीत तारीख, वेळ आणि प्रत्यक्ष जे ऐकलं-पाहिलं तेवढंच टिपून ठेवा.

पण कळवण्याआधी तिच्याशी बोला. तो घरी नसताना, समोरासमोर. मेसेज करू नका, तिचा फोन तो बघत असेल. तिला न विचारता कुणी दारात जाऊन उभं राहिलं, की त्याचा राग तिच्यावरच निघतो. हे मी अनेकदा पाहिलंय. जीव धोक्यात वाटला तर मात्र विचारत बसू नका, सरळ ११२ लावा. तातडीच्या वेळी फोनवरून खात्रीलायक माहिती मिळाली तरी संरक्षण अधिकाऱ्यानं पोलिसांना सोबत घेऊन तिथे पोचलं पाहिजे, असं नियमांतच आहे.

कमिटीची बैठक मात्र कृपा करून होऊ देऊ नका. सासू-सासरे, चेअरमन आणि मारणारा नवरा यांच्यासमोर ती काय बोलणार? "काही नाही, किरकोळ वाद होता," असं म्हणेल, आणि पुढे हेच वाक्य तिच्याविरुद्ध वापरलं जाईल. या कायद्याखालच्या समुपदेशनात नवऱ्याला "तिनं उलट उत्तर दिलं म्हणून हात उचलला" अशी सबब मांडूच देत नाहीत. सोसायटीच्या बैठकीत सुरुवातच तिथून होते. महाराष्ट्रात पोलिसांच्याच आवारात महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत, १९८४ पासून. तिथे प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या बसतात, बाईचं म्हणणं आधी तिच्याकडून ऐकतात. समेट हवा असेल तर तोही तिथे, तिच्या अटींवर व्हावा. १८१ या महिला हेल्पलाइनवरून किंवा सखी वन स्टॉप सेंटरमधूनही वाट मिळते. सेंटरमध्ये काही दिवस राहायची सोयही असते.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर, तिच्यापर्यंत पोचवा. घर सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी ती त्या घरात नांदत असेल तर तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. दंडाधिकारी नवऱ्याला मारहाण थांबवण्याचा, गरज पडली तर घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात, खर्चाचे पैसेही देववू शकतात. मारहाण थांबवण्याचा हा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकिलाच्या फीची तिला चिंता नको. महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा.

माझी एक पक्षकार होती. तिची आधार कार्डं, मुलांचे जन्मदाखले आणि बँकेचं पासबुक शेजारणीनं वर्षभर आपल्या तांदळाच्या डब्यात ठेवले होते. वर भांडण पेटलं की ही शेजारीण "तुमच्याकडे पाणी येतंय का?" विचारायला बेल वाजवायची. तेवढ्या वेळात नवऱ्याचा उगारलेला हात खाली यायचा. त्या कागदांवरच पुढे आमचा अर्ज उभा राहिला. तुम्हीही तिला विचारा, काही ठेवायचंय का माझ्याकडे. मात्र एकट्या वर जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या.

ती हो म्हणाली, की जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जाऊन तुमच्या भागाचे संरक्षण अधिकारी कोण ते विचारा. वही सोबत न्या. तुम्ही दिलेल्या माहितीची प्रत तुम्हाला विनामूल्य द्यावी लागते. ती हातात घेतल्याशिवाय तिथून उठू नका.